टेकाडाच्या पोटातली टोपली

अप्पारावांनी बोर्ड आधीच रंगवून घेतला होता. अंबडच्या पेंटरकडून, चांगल्या जाड पत्र्याचा, निळ्यावर पांढरी अक्षरं: 'प्राचीन बौद्ध स्तूप'. अगदी खाली बारीक अक्षरांत 'येथे चप्पल काढावी'. गेली तीन वर्षं तो बोर्ड पोत्यात गुंडाळून कपाटामागं उभा होता आणि झाडलोट करताना हमखास बेबीनंदाबाईंच्या पायावर पडायचा. त्या नवऱ्याला म्हणायच्या, स्तूप निघेल तेव्हा निघेल, माझा अंगठा मात्र त्याआधी निघेल. अप्पाराव हसायचे नाहीत. बाकी कशावरही त्यांची चेष्टा चालायची, स्तूपावर नाही.

वडीगोद्रीहून पाच किलोमीटर आत त्यांचं गाव. गावाच्या कडेला त्यांची वस्ती, वस्तीमागं गायरान आणि गायरान संपून गावातल्या भागवतचा ऊस सुरू होतो तिथं ते टेकाड. दीड पुरुष उंच, चांगलं गोल, अंगावर हराळी आणि डोक्यावर दोन बाभळी. गावाच्या लेखी ती शेळ्या चढायची जागा. अप्पारावांचा जन्म जालन्याचा, वडील तिथं जिनिंगमध्ये हमाली करायचे. अंकुशनगरच्या साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी लागली तेव्हा ते बाविसाव्या वर्षी वाडवडिलांच्या गावी येऊन राहिले. पंचविसाव्या वर्षी वस्तीतल्या लोकांबरोबर सांचीला गेले, तिथला स्तूप पाहिला, आणि परतीच्या वाटेवर त्यांना जेवण गोड लागेना. हे असलंच काहीतरी आपल्या गायरानात आहे आणि कुणाला पत्ता नाही, एवढं एकच डोक्यात.

तेव्हापासून चाळीस वर्षं त्यांनी त्या टेकाडाची राखण केली. घराच्या जोत्यात भर घालायला कुणी फावडं घेऊन आलं की अप्पाराव तिथं हजर. एक घमेलं मुरूम त्यांनी कुणाला उचलू दिला नाही. टेकाडाची एक बाजू जरा घसरती होती, तिला ते स्तूपाच्या दरवाजाची म्हणून 'तोरणाची जागा' म्हणत. पाहुणा कुठलाही असो, लग्नाचा की मयताचा, त्याला चहाआधी तोरणाची जागा बघावी लागायची. बापाच्या या नादातच त्यांची मुलगी साक्षी पुरातत्त्व शिकली, पुण्याला गेली, आणि तिथून शिष्यवृत्ती मिळवून वर्षभर जपानला. तिकडच्या पुरातन राजांच्या थडग्यांवर ती काम करत होती. राजांवर मातीचे डोंगर रचलेले असतात, ते उकरून आत काय आहे ते बघायचं. अप्पारावांनी हे ऐकलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. म्हणजे पोरगी टेकाडाचीच डॉक्टर होणार.

आता ती दहा दिवसांसाठी घरी आली होती, आणि अप्पारावांच्या दृष्टीनं ती अगदी वेळेवर आली होती. कारण गायरानातून उसाच्या ट्रॅक्टरसाठी पाणंद रस्ता होणार होता आणि तो सरळ टेकाडावरून जात होता. गेल्या महिन्यात भागवतनं जेसीबी आणला. मशीननं टेकाडाचा एक घास घेतला तेवढ्यात अप्पाराव घरून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले आणि तिच्या फावड्यासमोर मांडून बसले. भागवत काही वाईट माणूस नव्हता. त्यानं मशीन बंद करायला लावली आणि सगळ्यांदेखत बोली केली.

"काका, तुमची साक्षी शिकलेली हाय. ती आली की तिला बघू द्या. ती स्तूप म्हनली, तर मी माझा ऊस मोडून रस्ता वळवून घेतो. न्हाई म्हनली, तर मुरूम रस्त्याला. मंजूर?"

अप्पारावांनी हातावर हात मारला. त्यांना काळजी कसली? परीक्षक घरचाच होता.

साक्षी आली त्या दुपारी ओट्यावर बसून तिनं मोबाईलवर फोटो दाखवले. भाताच्या खाचरांमध्ये उभं एक हिरवं टेकाड. वरून बघितलं तर जुन्या कुलपाच्या भोकासारखं, एका टोकाला गोल आणि दुसऱ्या टोकाला पसरत गेलेलं. भोवती पाण्याचा खंदक. खंदकाची माती काढायची आणि तीच मध्ये रचायची, म्हणजे एका खोदकामात दोन कामं. बेबीनंदाबाईंना यात फक्त टोपी घातलेल्या म्हाताऱ्या बायांत रस होता. त्या कोण, तर तिथल्याच शेतकरणी. शेतीतून मोकळ्या झाल्या की खोदकामावर येतात आणि मातीचा रंग बदलला की साहेबाच्या आधी त्यांना कळतं. बेबीनंदाबाई म्हणाल्या, त्यात काय, ते मलाही कळतं.

अप्पारावांचे प्रश्न संपत नव्हते. सगळ्यात मोठं थडगं केवढं? जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब, भर शहरात. रोज दोन हजार माणसं राबली असती तरी सोळा वर्षं लागली असती, असा कुणीतरी हिशेब मांडलाय. आत काय निघालं? ते खोदूच देत नाहीत, राजघराण्याचं आहे. मग आत कोण आहे? एका सम्राटाचं नाव लावलंय, पण खात्रीनं कुणी सांगू शकत नाही. अप्पाराव थक्क झाले. एवढा डोंगर डोक्यावर घेऊन झोपायचं आणि नावाचीच खात्री नाही.

साक्षी ज्या टेकाडावर राबली ते मात्र लहान होतं. तिथून रस्ता जायचा होता म्हणून आधी खोदून बघत होते. अप्पारावांनी तिला तिथंच थांबवलं आणि हे वाक्य भागवतसमोर पुन्हा म्हणायला सांगितलं. त्या थडग्यात शेकडो वर्षांपूर्वीच चोर शिरून गेले होते. हाती लागलं ते एवढंच: गंजलेल्या तलवारीचा तुकडा, काजूच्या आकाराचा एक हिरवा मणी आणि भाजलेल्या मातीच्या घोड्याचा एक पाय. असे मातीचे घोडे, घरं, माणसं टेकाडाच्या अंगावर रांगेनं उभी करून ठेवत.

शेवटचा फोटो कापलेल्या बाजूचा होता. भिंतीसारखी उभी माती आणि तिच्यात काळे, पिवळे, तांबूस डाग, एकावर एक टेकलेले.

"हे एकेक टोपलं हाय, बाबा," साक्षी म्हणाली. "एकानं काळी माती आणून वतली, दुसऱ्यानं पिवळी. दीड हजार वर्षं झाली, अजून टोपलं वेगळं दिसतंय."

अप्पारावांनी चष्मा पुसून तो फोटो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, या टोपलं वाहणारांची नावं सापडली का? साक्षी हसली. राजाचंच सापडलं नाही, तर यांचं कुठून सापडणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं टेकाडावर गेले. परवानगी नसताना उकरायचं नसतं, हे साक्षीनं आधीच बजावलं. जेसीबीनं जी बाजू कापली होती तेवढीच ती खुरप्यानं तासून साफ करणार होती. अप्पारावांनी तीच प्लास्टिकची खुर्ची आणली. त्यांना विटा निघायला हव्या होत्या. जुन्या विटा केवढ्या असतात हे त्यांनी सांचीला वितीनं मोजून ठेवलं होतं, आणि दर दहा मिनिटांनी ते विचारत, वीट दिसली का. पहिल्या दिवशी साक्षी हसून नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी नुसतीच मान हलवली. संध्याकाळी ती जेवताना बोलली नाही, वहीत रेघा ओढत बसली. अप्पारावांनी ते शुभलक्षण मानलं. मोठं काही सापडलं की माणूस गप्प होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्यांना खुर्चीवरून उठवून त्या कापलेल्या बाजूसमोर उभं केलं. तासलेली माती आता साफ दिसत होती.

"बाबा, हीर खोदताना आधी काय निघतं?"

असला पोरकट प्रश्न का, हे त्यांना कळेना. पण बॉयलरवर जायच्या आधी त्यांनी चार विहिरींवर काम केलं होतं. "काळी माती."

"मंग?"

"पिवळी. मंग मुरूम. मंग दगड."

"आन् जी आधी निघती ती ढिगात कुठं राहती?"

"खाली," ते म्हणाले, आणि पुढं त्यांना काही विचारावं लागलं नाही.

समोर सगळं उलटं मांडलेलं होतं. तळाला काळी माती. तिच्यावर पिवळी. तिच्यावर मुरूम. आणि अगदी वर, हराळीच्या मुळांखाली, फुटलेला काळा दगड. जमिनीच्या पोटात जे सगळ्यात खाली असतं ते इथं सगळ्यात वर होतं. एका दगडाच्या अंगावर अर्धी नळी कोरल्यासारखी खाच होती. पहारीनं भोक पाडून सुरुंग ठासला की दगड फुटताना त्या भोकाची अशी निम्मी नळी मागं राहते, ते अप्पारावांनी शंभरदा पाहिलं होतं. सम्राट अशोकाच्या काळात सुरुंग नव्हता.

मातीत डाग होते. फोटोत होते तसेच, एकावर एक टेकलेले. काही मोठे, काही निम्म्या मापाचे. तळाजवळच्या काळ्या मातीत हिरव्या बांगडीचा एक तुकडा रुतलेला होता. साक्षीनं तो जागेवरच ठेवला होता.

चाळीस वर्षं. चाळीस वर्षं ते एका विहिरीच्या उपशाला हात जोडत होते. त्यांना आधी लाज वाटली, मग पोरीचा राग आला, आणि मग नुसतंच वाईट वाटलं, घरचं कुणी गेल्यासारखं. सगळ्यात जास्त झोंबलं ते हे की ही माती वाचायला जपान लागत नव्हतं. ती त्यांनाही वाचता येत होती. फक्त त्यांनी कधी कुणाला ती कापू दिली नाही, आणि न कापता तिच्या पोटातलं दिसणार कसं?

ते खाली मान घालून म्हणाले, "हे आपल्या दोघांलाच माहीत हाय."

साक्षी मातीकडंच बघत होती. बापाकडं तिनं पाहिलंही नाही. तिच्या मांडीवर वही उघडी होती. वहीत सगळं टेकाड काढलेलं होतं, एकेक टोपलं वेगळं, आणि प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरात माप. तिनं वही मिटली नाही आणि पुढंही केली नाही. अप्पारावांनी तिचं ते काम पाहिलं. दोन दिवस उन्हात बसून पोरीनं काढलेली ती रेघ न् रेघ खरी होती. आता तिला त्या कामावर खोटं नाव लिहायला सांगायचं?

तेवढ्यात भागवतची जीप आली. बरोबर त्याची आई साळूबाई होती, पंच्याऐंशी पार केलेली. तिला टेकाडाशी देणंघेणं नव्हतं. जपानहून आलेली पोरगी कशी दिसते ते बघायचं होतं. साक्षीला पाहून ती जरा निराशच झाली, कारण साक्षी पहिल्यासारखीच दिसत होती. भागवतनं तिला खुर्चीवर बसवलं आणि साक्षीला विचारलं, काय निघालं?

साक्षीनं बापाकडं पाहिलं. अप्पाराव नुसते गप्प राहिले असते तरी भागलं असतं, पुढचं तिनं काय ते केलं असतं. पण ते पुढं झाले.

"स्तूप न्हाई, भागवतराव. हिरीचा उपसा हाय. मी चुकलो. बोलीपरमानं घेऊन जा मुरूम."

जिंकल्याचा आनंद भागवतच्या तोंडावर काही दिसला नाही. एवढ्या वर्षांत अप्पारावांना 'मी चुकलो' म्हणताना त्यानं ऐकलं नव्हतं. मग तो म्हणाला की हीर म्हणता, तर हीर कुठंय? त्याच्या जन्मापासून इथं हीर नव्हती.

"हाय की," खुर्चीवरून साळूबाई म्हणाली. "त्या घसरणीच्या पुढं. गुरं पडाय लागली मनून वर दगडाच्या फाडी टाकून बुजवली. धुरपदाबाईची हीर."

अप्पाराव वळले. धुरपदा हे त्यांच्या आजीचं नाव. वडिलांच्या तोंडून तेवढंच ऐकलेलं, फोटो नाही, काही नाही.

साळूबाई सांगू लागली. गावाच्या विहिरीवर वस्तीतल्या माणसांना पाणी भरू देत नव्हते, हे काही नवीन सांगायला नको. मग वस्तीनं स्वतःची खोदायला घेतली. गावात दिवसभर मजुरी करायची आणि कामावरून आल्यावर दिवस बुडेपर्यंत इथं खोदायचं. सात उन्हाळे. गडी खाली आणि बाया टोपली घेऊन वर. पोरंही वाहायची, त्यांची टोपली लहान. साळूबाई लग्न होऊन आली तेव्हा विहिरीला पाणी लागलेलं होतं.

"त्या साली गावाची हीर आटली," ती म्हणाली. "तुमच्या हिरीला पानी. मी नवी सून. भर दुपारी, कुनी बघत न्हाई तवा घागर घिऊन आल्ते. धुरपदाबाई काठावर व्हती. मला बोलायला यीना. मी वंजळ धरली. तिनं एक सबूद इचारला न्हाई. पोहरा वाकडा केला आन् वरून वतलं. पोट भरूस्तोवर पिले."

ओंजळ धरायची आणि वरून ओतलेलं पाणी प्यायचं, ही रीत गावात कुणासाठी होती, ते तिथल्या चौघांनाही माहीत होतं. भागवत जमिनीकडं बघायला लागला.

मग निम्मं गाव यायला लागलं, रोज दुपारी, एकमेकांची नजर चुकवत. पाऊस पडला, गावाची विहीर भरली, आणि कुणी पुन्हा नाव काढलं नाही. खोदणारी घरंही पुढं एकेक करून पोटासाठी शहराकडं गेली. साळूबाईला सासूनं शपथ घातली होती. सासू जाऊनही आता पन्नास वर्षं झाली होती.

साक्षीनं हळूच विचारलं, "आजी, मंग एवढ्या दिवसांत सांगितलं का न्हाई?"

"इचारलं का कुनी?" म्हातारी म्हणाली. "अप्पा तर दिसल त्याला स्तूपच सांगायचा."

अप्पारावांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. ते टेकाडाच्या कापलेल्या बाजूसमोर उकिडवे बसले. मुरमाच्या थरात एक लहान डाग होता, वितीपेक्षा थोडा मोठा. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून त्याच्यावर धरली. डाग जेमतेम ओंजळीबाहेर आला. हे कुणी वाहिलं असेल? सात-आठ वर्षांचं कुणीतरी. त्यांचे वडील तेव्हा तेवढेच असतील, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना हात काढवेना.

भागवत त्यांच्या मागं येऊन उभा राहिला. "काका, रस्ता मी वळवतो."

"बोली स्तूपाची व्हती, भागवतराव."

"व्हती. पन ज्या हिरीचं पानी माझी आई पिली, तिचा मुरूम ट्रॅक्टरच्या चाकाखाली घालू का मी?" एवढं बोलून तो जीपकडं गेला आणि आईला न घेताच बसला. मग परत येऊन तिला घेऊन गेला.

त्यानंतरचे सहा दिवस अप्पारावांनी साक्षीला धड जेवू दिलं नाही. आता त्यांना सगळंच हवं होतं. एका टोपल्यात माती किती? मोठी किती, लहान किती? साळूबाईच्या अंदाजानं पंधरा फूट रुंद, पन्नास फूट खोल विहिरीची टोपली किती? साक्षीनं वहीत मांडून सांगितलं की पंचवीस हजारांच्या खाली नाहीत. ते रोज सकाळी वही घेऊन साळूबाईकडं जायचे. तिनं गावात ऐकलेली, आठवतील ती नावं लिहून आणायचे. धुरपदा. तिचा तेव्हा पोरवयाचा दीर भिवा. तान्हाबाई, जिच्या पायावर दगड पडला होता. सखुबाई, जी टोपलं डोक्यावर असताना सगळ्यात जास्त बोलायची. चार नावं झाल्यावर म्हातारीची आठवण अडली. अप्पाराव मग वस्तीत घरोघर फिरू लागले, कुणाच्या आजीनं काही सांगितलंय का विचारत.

साक्षी गेल्यावर ते बोर्ड पोत्यातून काढून अंबडला पेंटरकडं घेऊन गेले. वरची अक्षरं पुसून नवी घालायची होती. नवा मजकूर त्यांनी कागदावर आणला होता: 'येथील विहीर वस्तीतील माणसांनी सात उन्हाळ्यांत खोदली. हा तिचा उपसा. टोपली वाहणारे:' आणि खाली ती चार नावं. पेंटरनं विचारलं की नावांखाली एवढी जागा रिकामी कशाला? अप्पाराव म्हणाले, तपास चालू आहे, सापडतील तशी घेऊन येईन.

पेंटरनं निळा रंग कालवला आणि ब्रश वरपासून फिरवत खाली आणला. शेवटच्या ओळीपाशी थांबून त्यानं वर पाहिलं. स्तूप तर राहिला नाही, मग 'येथे चप्पल काढावी' हे पण पुसू का?

"ती ओळ राहू द्या," अप्पाराव म्हणाले.